हात गार, दुखणं गायब: विंचूदंशाच्या एका रात्रीचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोकणातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातलं आहे. मी तिथे वैद्यकीय अधिकारी होते. ओळख पटू नये म्हणून गाव, साल आणि घरच्यांचे काही तपशील बदलले आहेत. वेळा आणि मोजमापं केसपेपरवर होती तशीच ठेवली आहेत, कारण सगळा मुद्दा त्यांच्यातच आहे.

## पार्श्वभूमी

दसरा होऊन गेला होता आणि भातकापणी उरकत आली होती. आमच्याकडे विंचवाचे हंगाम दोन. एक एप्रिल ते जून, दुसरा पाऊस ओसरल्यावर कापणीच्या सुमारास. जांभ्याच्या गडग्यात, रचलेल्या पेंढ्यात, सरपणाखाली, रात्रभर ओटीवर पडलेल्या चपलेत तो असतोच. मोठ्या काळ्या विंचवाला लोक जास्त घाबरतात, पण त्याच्या दंशाने सहसा दुखण्यापलीकडे फारसं काही होत नाही. जीव घेतो तो लहानसा, तांबूस-पिवळट लाल विंचू. शास्त्रीय नाव मेसोब्यूथस टॅम्युलस. आता त्याला हॉटेन्टोटा टॅम्युलस म्हणतात.

मुलगी सहा वर्षांची, वजन १७ किलो. संध्याकाळी साडेसहाला चुलीसाठी लाकडं काढायला तिने सरपणाच्या ढिगात हात घातला आणि किंचाळली. उजव्या हाताचं मधलं बोट. बापाने लाकडं उपसून विंचू मारला. लाल होता. आजीने मनगटाला फडकं बांधलं, बोटावर कांदा चोळला. शेजारच्या वाडीत विंचू उतरवणारे एक काका आहेत, त्यांना बोलावलं. ते आले, मंत्र टाकला, आणि सव्वासातच्या सुमारास पोरगी रडायची थांबली.

सगळ्या प्रकरणाची कळ इथे आहे. रडणं थांबलं म्हणून घर निर्धास्त झालं. त्याच वेळी तिला घाम फुटत होता. दोन उलट्या झाल्या, त्या "घाबरल्यामुळे" असं ठरलं. आठच्या सुमारास आईने तिचे पाय पुसायला घेतले तर ते बर्फासारखे लागले. मग बाप आणि चुलता तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून आमच्याकडे घेऊन आले. तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. दंशाला जवळजवळ दोन तास.

आजी मागून रिक्षाने आल्या. त्यांचं पहिलं वाक्य: "इंचू उतारलाय डॉक्टरबाई, फकस्त सुई मारून द्या."

## अडचण काय होती

टेबलावर ठेवली तेव्हा फ्रॉक पाठीला चिकटला होता. केस कपाळावर ओले, तोंडातून लाळ. डोळे उघडे, हाक मारली की बघत होती, पण बोलत नव्हती. तळहात धरला तर गार आणि चिकट. तो गारवा कोपरापर्यंत, पायांना गुडघ्यापर्यंत. नाडी १४२. छातीत काही ऐकू येत नव्हतं, ऑक्सिजन ९७ टक्के.

रक्तदाबाला पहिली अडचण आली. टेबलावर दाब मोजायचा मोठ्यांचा पट्टा, म्हणजे कफ, होता. तो सहा वर्षांच्या दंडाला गुंडाळला तर आकडा खोटाच येतो, खरा असेल त्यापेक्षा कमी. लहान मुलांचा कफ लसीकरणाच्या कपाटात होता आणि किल्ली एएनएम ताईंकडे. त्या राहायला आवारातच, म्हणून पाच मिनिटांत मिळाला. दाब १३०/९०. या वयाला हा खूपच जास्त.

बोटाबद्दल विचारलं, "दुखतंय का गं?" तिने मान हलवली, नाही.

या विंचवाची गंमत, म्हणजे गंमत म्हणू नये, पण तऱ्हा अशी आहे की बोंब मारणारा रुग्ण बहुतेक वेळा सुरक्षित असतो. फक्त दुखत असेल, घाम नाही, हातपाय गरम, तर वेदनाशामक आणि काही तास नजर पुरते. विष अंगात भिनलं की चित्र उलटं होतं. ते मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या वेळेत बंद होऊ देत नाही, त्यामुळे मज्जातंतूंच्या टोकांतून रसायनं ओतत राहतात. आधी उलटी, लाळ आणि घामाचा टप्पा येतो, तो लवकर सरतो. मागून ॲड्रेनलीन-नॉरॲड्रेनलीनचा पूर. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, दाब चढतो, आणि त्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकतं. मग फुप्फुसात पाणी. पुढे दाब कोसळतो.

ही मुलगी त्या वाटेवर मध्यावर होती. वर्गवारी लावायची तर दुसरी श्रेणी: वादळ सुरू झालंय, पण फुप्फुस आणि हृदय अजून शाबूत. तिसऱ्या श्रेणीत जायला किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

## समोरचे पर्याय

साडेआठला माझ्या डोक्यात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगते. पहिल्यांदा हात गेला तो हायड्रोकॉर्टिसोन आणि क्लोरफेनिरामिन या ॲलर्जीवरच्या औषधांकडे. इंटर्नशिपमध्ये "काहीही चावलं की" हे दोन्ही जायचे, ती सवय. दिलेही. त्याने अपाय झाला नाही, उपयोगही झाला नाही, आणि शीर शोधण्यात, इंजेक्शनं भरण्यात दहा मिनिटं गेली. ॲट्रोपिन मात्र नाही दिलं. घाम आणि लाळ बघून तो मोह होतो, पण धावणाऱ्या हृदयाला ते आणखी पळवतं.

खरे पर्याय तीन होते.

एक, लगेच १०८ ला फोन करून काहीही न देता ग्रामीण रुग्णालयात पाठवणं. घाटाचा रस्ता, ५५ मिनिटं, आणि गाडी पोचायलाच चाळीस मिनिटं.

दोन, प्राझोसिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी देऊन इथेच ठेवणं आणि तीन तासांनी पुन्हा पाहणं.

तीन, प्राझोसिन देऊन, मग प्रतिविषासाठी पाठवणं. प्रतिविष आमच्या फ्रीजमध्ये नव्हतं, ग्रामीण रुग्णालयात होतं. हाफकिनचं, खास लाल विंचवाविरुद्धचं.

या निर्णयामागे जो पुरावा आहे तो आमच्याच मातीतला आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८६ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात विंचूदंशात प्राझोसिन वापरल्याचं मांडलं. ही तेव्हा रक्तदाबाची साधी गोळी होती. तिचा हिशोब सरळ आहे: नॉरॲड्रेनलीन रक्तवाहिनीवर ज्या अल्फा ग्राहकांतून काम करतं तेच ग्राहक ती अडवते, वाहिन्या सैल पडतात, हृदयावरचा भार उतरतो. त्यांच्या नोंदींनुसार आधी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांत पंचवीस-तीस दगावत, प्राझोसिननंतर हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. ही तुलना जुन्या काळाशी आहे, एकाच वेळच्या दोन गटांची नाही. संशोधनाच्या कडक मापाने हा पुरावा दुय्यम ठरेल. पण ज्या औषधाने माणसं वाचताना दिसतात ते अर्ध्या रुग्णांना न देता तुलना करायला कुठलाही डॉक्टर धजणार नाही.

प्रतिविषाचा प्रश्न वेगळा होता: प्राझोसिन देतच असू तर प्रतिविषाने भर पडते का? त्याचं उत्तर डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी २०११ मध्ये 'बीएमजे'त दिलं. ७० रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट, प्रत्येकी ३५. एका गटाला फक्त प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. १० तासांनी लक्षणं पूर्ण ओसरलेले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ १७.७ तास विरुद्ध ८ तास. कोण कुठल्या गटात हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होतं, ही त्या अभ्यासाची मर्यादा. हात गरम झाला की नाही हे शेवटी माणूसच ठरवतो. तरी ८ आणि ३२ मधलं अंतर नुसत्या नजरेच्या कलाने भरून निघणारं नाही, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. १९९९ साली 'द लॅन्सेट'मध्ये ट्युनिशियातला ८२५ रुग्णांचा अभ्यास आला होता, त्यात सरसकट प्रतिविष देण्याचा काहीच फायदा दिसला नव्हता. उलट २००९ मध्ये ॲरिझोनातल्या अवघ्या १५ मुलांच्या अभ्यासात प्रतिविष मिळालेली आठही मुलं चार तासांत लक्षणमुक्त झाली, आणि सलाईनसारखं निष्क्रिय द्रव्य मिळालेल्या सातपैकी एकच. या तीन अभ्यासांचे आकडे एका ओळीत लावून "दोन विरुद्ध एक" असा निकाल काढणारे लोक मी पाहिले आहेत. विंचू तीन वेगळे, प्रतिविषं तीन वेगळी, आणि ट्युनिशियात सौम्य दंशाचे रुग्णही होते, जे काही न देताही बरे होणार होते. सौम्य रुग्णांची भर घातली की कुठल्याही औषधाचा फायदा पातळ होतो. आमच्या टेबलावरच्या मुलीला लागू पडणारा अभ्यास महाडचाच होता: तोच विंचू, तीच श्रेणी, तसलंच ग्रामीण रुग्णालय.

त्यात एक अट होती, आणि ती मला त्या रात्री आठवली नाही. त्या अभ्यासात घेतलेल्या रुग्णांचं हृदय, फुप्फुस आणि मेंदू दाखल होताना ठीक होते. तोवर पोचलं तरच ते आकडे तुमचे.

तिसरा पर्याय धरला.

## काय केलं

फार्मासिस्ट घरी गेला होता. सिस्टरनी औषधांचं कपाट उघडलं आणि प्राझोसिनचं पाकीट हातात ठेवलं. अडीच मिलिग्रॅम, पुढे दोन अक्षरं: एक्सएल.

"मॅडम, चार तुकडे करू का?"

मी हो म्हणणारच होते. मात्रा वजनाला ३० मायक्रोग्रॅम प्रति किलो, १७ किलोला साधारण ५१० मायक्रोग्रॅम. अडीचचे पाच भाग करून एक द्यायचा, असं मनात गणितही झालं होतं. पण एक्सएल म्हणजे दिवसभर हळूहळू विरघळायला केलेली गोळी. तिचं औषध आतल्या रचनेमुळे झिरपतं. फोडली तर किती येईल, कधी येईल, काहीच भरवसा नाही: एकदम सगळं येऊन दाब आदळेल किंवा तासन्तास काहीच येणार नाही. दोन्ही वाईट.

साधी, मधोमध खाच असलेली एक मिलिग्रॅमची गोळी हवी होती. रक्तदाबाला आता कुणी ती लिहीत नाही, त्यामुळे दुकानदार ठेवत नाहीत. शिपाई नाक्यावरच्या मेडिकलला धावला. शटर बंद, मालक वरच्या मजल्यावर जेवायला बसलेला. खाली उतरून त्याने खोक्यांच्या मागून एक पट्टी काढून दिली. मुदत संपायला दोन महिने होते. आठ पंचावन्नला अर्धी गोळी चमच्यात साखरपाण्यात विरघळवून तिच्या तोंडात गेली. दारातून आत आल्यापासून ३५ मिनिटं.

घोट घोट ओआरएस सुरू केलं. १०८ ला फोन झाला. ग्रामीण रुग्णालयातल्या फिजिशियन सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आडवी ठेव, मी कुप्या बाहेर काढून ठेवतो."

आडवी ठेव. हे मी सिस्टरना सांगितलं, केसपेपरवर लिहिलं, आणि बापाला सांगायचं राहिलं. नऊ चाळीसला तिला लघवीला लागली. मी आत ॲम्ब्युलन्सची चिठ्ठी लिहीत होते. बापाने उचललं, उभं केलं, आणि ती त्याच्या हातातच मऊ पडली. ओरडा ऐकून बाहेर आले तर ओठ पांढरे, डोळे वर. पहिल्या मात्रेनंतर उभं राहिलं की दाब पडतो, हे प्राझोसिनच्या धड्यातलं पहिलं वाक्य आहे. वरचा दाब ७०.

टेबलावर आडवी केली, पायांखाली दोन उशा. मिनिटभरात डोळे फिरले, तीन मिनिटांत हाकेला ओ दिली. इतकंच पुरलं असतं. पण मी घाबरले होते, आणि शीर आधीच लावलेली होती, म्हणून १७० मिलिलिटर सलाईन झपाझप सोडलं. दाब ९४ वर आला. तो सलाईनने आला की उशांनी, हे मला तेव्हाही माहीत होतं. उशांनी.

दहा पाचला गाडी आली. केंद्रात मी एकटीच डॉक्टर. सोबत गेले तर रात्रभर केंद्र डॉक्टरविना, न गेले तर घाटात काही झालं तर गाडीत कोण? गाडीत १०८ चे डॉक्टर होते, तरीही मी गेले. प्रसूतीच्या खोलीत कुणी नव्हतं, म्हणून जाता आलं. तिथे कुणी असती तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

## ग्रामीण रुग्णालयात

अकरा वाजता पोचलो. वाटेतच श्वास वाढत चालला होता. तिथे श्वास मिनिटाला ४४, ऑक्सिजन ९१, आणि पाठीवर स्टेथोस्कोप ठेवला तर दोन्ही बाजूंना खाली बारीक चरचर. दाब १०६/७०. हातपाय अजून गार.

म्हणजे साडेआठला जी मुलगी महाडच्या अभ्यासात बसत होती, ती अकराला त्या अभ्यासाच्या बाहेर गेली होती.

सरांनी ऑक्सिजन लावला आणि आम्ही दोघं तिच्या पायथ्याशी उभं राहून बोललो. त्यांचा मुद्दा असा: दंशाला साडेचार तास झाले. प्रतिविष रक्तातलं विष धरतं, पण मोकळं झालेलं ॲड्रेनलीन परत आत घालत नाही. ते जितक्या लवकर जाईल तितकं बरं. आता दिलं तर फायदा कमी, ॲलर्जीचा धोका मात्र तोच. मी विचारलं, मग नको का द्यायला? ते म्हणाले, "विष अजून फिरत नसेल याची खात्री तू देतेस का?"

दिलं. ॲड्रेनलीनची सिरिंज भरून शेजारी ठेवून. ॲलर्जी आली नाही.

दुसरा पेच स्थितीचा. फुप्फुसात पाणी असलेल्या रुग्णाला बसतं करायचं असतं, प्राझोसिन घेतलेल्याला आडवं. शेवटी डोक्याकडची बाजू साधारण तीस अंश वर केली आणि दर दहा मिनिटांनी दाब बघायचा ठरला. लघवी वाढवणारं इंजेक्शन सरांनी हातात घेऊन परत ठेवलं: जीभ कोरडी, दोन तास घामाने निथळलेली पोर, शिरांमधलं पाणी आणखी काढलं तर दाब बसेल. हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन पंपात तयार ठेवलं, लागलं नाही. प्राझोसिनची दुसरी अर्धी गोळी अकरा पंचावन्नला, पहिलीपासून तीन तासांनी. ईसीजीवर नाडी वेगाची आणि टी लहरी उंच, टोकदार.

मग वाट बघणं. या भागाबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी तिच्या पायाला हात लावायचं. दोन वाजता घोट्याच्या वर ऊब. श्वास ३६. दोन पंचावन्नला तिसरी मात्रा, कारण तळवे अजून ओले होते. चारला चरचर जवळजवळ गेली. साडेपाचला तळहात कोरडा आणि गरम.

## परिणाम

सकाळी सातला तिने पहिलं वाक्य बोललं: "आई, बोट दुखतंय."

आणि रडायला लागली, मोठ्याने. आजी उठून बसल्या. त्यांच्या दृष्टीने विंचू परत चढला होता. सिस्टर हसत होत्या, सर हसत होते, आणि आजींना वाटलं आम्हाला वेड लागलंय. विषाचं वादळ ओसरलं की दंशाची जागा पुन्हा दुखायला लागते. काल संध्याकाळी गेलेलं दुखणं परत आलं, ही त्या रात्रीतली सगळ्यात चांगली खूण होती. पॅरासिटामॉल दिलं.

४८ तास नजरेखाली ठेवून तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. दोन आठवड्यांनी ईसीजी साफ. सरपणाला आता ती हात लावत नाही, आई सांगते.

ती कशाने वाचली? प्राझोसिनने, असं मी म्हणेन, आणि लगेच हेही की हे या एका प्रकरणावरून सिद्ध होत नाही. प्रतिविष साडेचार तासांनी गेलं. बरं व्हायला प्रतिविषापासून साधारण सहा तास लागले, प्राझोसिनपासून साडेआठ. महाडच्या अभ्यासातल्या सरासरी ८ तासांशी हे जुळतं असं म्हणायचा मोह होतो. पण तिथल्या पहिल्या गटातले, फक्त प्राझोसिन घेतलेले ८ जणही दहा तासांत बरे झालेच होते. ती त्या आठांपैकी असती का, हे कुणी सांगू शकत नाही. एका रुग्णावर औषधाचा निकाल लागत नाही, म्हणूनच तर चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात.

## कुठे वेगळं करता आलं असतं

पंधरा दिवसांनी सर, मी आणि सिस्टर केसपेपर घेऊन बसलो. गेलेल्या वेळेचा हिशोब असा निघाला: घरी एक तास पन्नास मिनिटं, आमच्याकडे पहिल्या गोळीपर्यंत ३५ मिनिटं, गाडीची वाट आणि घाट मिळून दोन तास पाच मिनिटं.

घाटाला इलाज नाही. आमच्या ३५ मिनिटांना होता. त्यातली दहा हायड्रोकॉर्टिसोनची, पाच कफाची, उरलेली एका पट्टीसाठी धावण्याची. कुठल्या गोळ्या शिल्लक आहेत हे हंगाम सुरू होताना बघितलं असतं तर पहिली मात्रा आठ पस्तीसला गेली असती. इंडेंटमध्ये, म्हणजे औषधांच्या मागणीपत्रात, "प्राझोसिन" एवढंच लिहिलं जात होतं आणि येत होती एक्सएल. कागदावर साठा भरलेला होता, म्हणून कुणाला शंका आली नाही.

सलाईनवर आमचं एकमत झालं नाही. सर म्हणाले, १७ किलोला १७० मिलिलिटर म्हणजे काही पूर नव्हे, फुप्फुस भरायचं ते विषानेच भरलं असतं. असेल. पण ती आडवी केल्यावर शुद्धीवर आली होती आणि ओआरएस गिळत होती. हृदय थकायच्या बेतात असताना मी शिरेतून पाणी ढकललं आणि तासाभरात चरचर ऐकू आली. दुसऱ्यांदा तशी वेळ आली तर मी उशा देईन आणि दोन मिनिटं घड्याळ बघत उभी राहीन.

प्रतिविष इकडे आणवायला हवं होतं का, हा खरा वादाचा मुद्दा. गाडी येताना ग्रामीण रुग्णालयाच्या बाजूनेच येत होती. कुप्या तिच्यात टाकून पाठवल्या असत्या तर दहा पाचला, छाती साफ असताना, आमच्या टेबलावर देता आल्या असत्या. जवळजवळ एक तास वाचला असता, आणि ती कदाचित महाडच्या अभ्यासाच्या चौकटीतच राहिली असती. फोनवर बोलताना हे दोघांनाही सुचलं नाही. सर म्हणाले, ॲलर्जी आली असती तर तू एकटी होतीस. मी म्हटलं, गाडीतले डॉक्टर धरून दोघं. त्यांनी मान डोलावली, हो म्हणून की पुरे म्हणून, ते कळलं नाही.

बापाला दोष देणारी एक ओळ मी केसपेपरवर लिहिली होती: "नातेवाइकांनी सूचना न पाळता रुग्णास उभे केले." ती खोटी होती. सूचना त्याला दिलीच नव्हती. ती खोडून सही केली.

## त्यानंतर

आता औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून एक पाकीट चिकटवलेलं आहे. त्यात साध्या प्राझोसिनची पट्टी, मुदतीची तारीख बाहेर लाल पेनाने, आणि वजन-मात्रेचा तक्ता: १७ किलोला अर्धी. इंडेंटमध्ये "साधी, खाचेची, १ मिलिग्रॅम, एक्सएल नको" असं पूर्ण लिहिलं जातं. एकदा तरीही एक्सएल आली, परत पाठवली. लहान कफ टेबलाच्या खणात असतो. दोन कुप्या प्रतिविष हंगामापुरतं आमच्या फ्रीजमध्ये ठेवायला मिळालं.

घरी गेलेल्या पावणेदोन तासांचं काय करायचं, यावर सिस्टरचं म्हणणं होतं की उतरवणाऱ्या काकांवर तक्रार करा. मी त्यांच्याकडे गेले. ओटीवर बसवून चहा दिला त्यांनी. मी मंत्राबद्दल काही बोलले नाही. एवढंच सांगितलं की उतरवून झालं की पोराचा तळहात हातात धरून बघा. गरम आणि कोरडा असेल तर ठीक. गार आणि ओला असेल तर दुखणं थांबलेलं असलं तरी, किंबहुना थांबलं असेल तर जास्तच, त्याच पावली आमच्याकडे पाठवा, आणि आडवं पाठवा.

त्यांनी थोडा वेळ विचार केला. म्हणाले, "म्हंजे माझा उतरला की तुमचा चढतो."

पुढच्या मे महिन्यात एक रात्री दहा वाजता टेम्पोत सतरंजीवर झोपवून एक बाई आली. पस्तिशीची, पायाला दंश, हात गार. सोबतच्या मुलाने सांगितलं, काकांनी मंत्र टाकलाच नाही, हात धरला आणि म्हणाले, पळा. दंशाला चाळीस मिनिटं झाली होती.